वाढते घर, जागच्या जागी सुधारणारी वस्ती : पुण्यातील रहिवाशांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वस्तीतील बैठकांमध्ये तेच तेच प्रश्न पुन्हा विचारले जातात आणि प्रत्येक वेळी तोंडी दिलेले उत्तर पुढच्या गल्लीपर्यंत पोहोचेतो बदललेले असते. म्हणून वस्त्यांच्या आराखड्यांचे काम करणारे आम्ही ते येथे लिहून ठेवत आहोत. उत्तरे प्रामुख्याने पुणे महापालिकेच्या हद्दीतील वस्त्या डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत.

टप्प्याटप्प्याने घर बांधणे म्हणजे नेमके काय?

वस्तीत राहणाऱ्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही, कारण त्याचे घर तसेच उभे राहिलेले असते. पहिल्या वर्षी बांबू, ताडपत्री आणि जुने पत्रे. मग एका दिवाळीच्या बोनसमधून चार इंची विटांची भिंत. भिशी लागली की कोबा किंवा शहाबादी फरशी. मुलगा दहावीला गेला की पोटमाळा. आणि त्याचे लग्न ठरले की लोखंडी जिना व वरची खोली. बिल्डरचे घर एका दिवशी किल्ली हातात देऊन पूर्ण होते, तर वस्तीतील घर पंधरा-वीस वर्षे चालू असते आणि त्याचा प्रत्येक टप्पा कुटुंबाच्या मिळकतीशी बांधलेला असतो.

जॉन टर्नर या ब्रिटिश वास्तुविशारदाने १९५० आणि ६०च्या दशकांत पेरूमधील अशा वस्त्या जवळून पाहिल्या आणि घर ही वस्तू नसून ती चालू असलेली क्रिया आहे, अशी मांडणी केली. सरकारी योजनांनी या क्रियेला अडथळा करायचा की आधार द्यायचा, हा खरा प्रश्न आहे. कुटुंब भिंत स्वतः बांधू शकते. मात्र जमिनीचा हक्क, गटार, पाण्याची मुख्य वाहिनी आणि गल्लीची रुंदी या चार गोष्टी कोणतेही कुटुंब एकट्याने उभ्या करू शकत नाही.

पुण्यातील वस्त्या इतक्या दाट कशा झाल्या?

एकाच कारणाने नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि त्यामागोमाग खडकवासला धरण फुटले, नदीकाठचे पुणे वाहून गेले आणि हजारो कुटुंबांना नव्या जागी हलवावे लागले. गोखलेनगरसारख्या वसाहती त्यातूनच आल्या. ज्यांना तिथे घर मिळाले नाही, त्यांनी टेकडीचा आणि ओढ्याचा काठ धरला. त्याच दशकात पिंपरी-चिंचवड पट्ट्यात कारखाने उभे राहिले. १९७२च्या दुष्काळाने मराठवाडा, सोलापूर आणि नगर भागातून माणसे आणली. त्यातील अनेकांनी खाणीत दगड फोडला आणि शहराच्या इमारती बांधल्या. पर्वतीच्या उतारावरची जनता वसाहत, ताडीवाला रस्ता, कासेवाडी, दांडेकर पूल, पाटील इस्टेट, येरवडा ही नावे आज सर्वांना माहीत आहेत. ज्यांनी या शहराचे स्लॅब टाकले, त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर मात्र पत्राच राहिला.

एसआरए आणि जागच्या जागी सुधारणा यांत फरक काय?

पुणे व पिंपरी-चिंचवडसाठी झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण (एसआरए) २००५ साली स्थापन झाले. त्या योजनेत विकसक रहिवाशांची संमती घेतो, वस्ती रिकामी करतो, त्याच जमिनीच्या एका भागावर उंच इमारतीत रहिवाशांना विनामूल्य सदनिका देतो आणि बदल्यात मिळणारे जादा चटईक्षेत्र (जादा बांधकामाची परवानगी) किंवा हस्तांतरणीय विकास हक्क (तीच परवानगी दुसऱ्या जागी वापरण्याचा हक्क) विकून आपला खर्च व नफा काढतो. हे गणित जमिनीच्या भावावर उभे असल्यामुळे रस्त्यालगतच्या सपाट वस्तीसाठी विकसकांची चढाओढ लागते आणि टेकडीच्या उतारावरील किंवा आतल्या बोळातील वस्तीकडे कोणी फिरकत नाही.

जागच्या जागी सुधारणेत वस्ती पाडली जात नाही. गल्ल्यांची मूळ रचना राहते, पक्की घरे तशीच ठेवली जातात, कच्ची घरे त्याच जागी नव्याने बांधली जातात आणि गटार, पाणी, वीज, वाट यांची कामे सोबत होतात. घर विनामूल्य मिळत नाही, कुटुंबाला वाटा उचलावा लागतो. बैठकीत हे ऐकले की निम्मी माणसे उठून जातात. तिकडे फुकट मिळत असताना इकडे पैसे का भरायचे, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर महिन्याच्या हिशेबात सापडते. सहाव्या-सातव्या मजल्यावर लिफ्टची देखभाल, पंपाचे वीजबिल आणि सोसायटीचा मेंटेनन्स येतो. हातगाडी लावायला, भंगार वेगळे करायला, पापड वाळत घालायला किंवा दारातच शिलाई मशीन टाकायला तिथे जागा नसते. ज्याचे उत्पन्न पगाराच्या पावतीवर येते, त्याला सदनिका सोयीची पडते. ज्याचा धंदा उंबऱ्यावर चालतो, त्याचे घर आणि दुकान एकाच वेळी जाते.

तरीही एसआरए सरसकट वाईट आहे, असे आम्ही म्हणत नाही. जिथे आठ-आठ फुटांच्या खोल्या पाठीला पाठ लावून उभ्या आहेत आणि गल्ली काढायलाच जागा नाही, तिथे इमारतीशिवाय इलाज नसतो. आपली वस्ती कोणत्या प्रकारात मोडते, हे रहिवाशांनी स्वतः मोजून ठरवावे. विकसकाच्या माहितीपत्रकावरून ते ठरवू नये.

पुण्यात असे काम प्रत्यक्षात झाले आहे का?

झाले आहे, आणि तेही येरवड्यात. केंद्र सरकारने डिसेंबर २००५ मध्ये जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान सुरू केले. त्यातील शहरी गरिबांसाठी मूलभूत सेवा या घटकाखाली पुणे महापालिकेने येरवड्यातील सात वस्त्यांमध्ये जागच्या जागी घरे बांधण्याचे काम हाती घेतले. नेताजीनगर, मदर तेरेसानगर, भाटनगर, चंद्रमानगर या त्यांपैकी काही वस्त्या. स्पार्क ही संस्था, महिला मिलन हे वस्त्यांतील महिलांच्या बचत गटांचे जाळे आणि राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ यांनी रहिवाशांच्या बाजूने ते पुढे नेले, आणि पुण्यातील वास्तुविशारद प्रसन्न देसाई यांनी आराखडे केले. सुमारे बाराशे घरांचा हा प्रकल्प होता.

घराचे क्षेत्र २७० चौरस फूट आणि खर्चाचा अंदाज ३ लाख रुपये धरला होता. त्यातील ५० टक्के केंद्राचे, ३० टक्के राज्याचे, १० टक्के महापालिकेचे आणि १० टक्के, म्हणजे साधारण ३० हजार रुपये, कुटुंबाचे. खरी कसरत जागेची होती. अनेक कच्च्या घरांचा तळ २७० चौरस फुटांपेक्षा बराच लहान असल्यामुळे तेवढे क्षेत्र तळमजला अधिक एक किंवा दोन मजले करूनच भरून निघत होते. ज्यांच्याकडे अगदीच कमी जागा होती, अशा शेजारच्या कुटुंबांनी आपले तळ एकत्र करून त्यावर मजल्यांचे छोटे गट उभारण्याचा पर्यायही आराखड्यात होता. त्यासाठी आधी शेजाऱ्यांनी एकमेकांवर विश्वास ठेवणे आवश्यक होते, आणि तेच कागदावर काढता येत नाही.

आराखडे रहिवाशांपुढे मांडताना निळ्या छाप्याच्या नकाशावर अवलंबून न राहता घराचे नमुने खऱ्या मापात उभे करून दाखवले गेले. कापडाच्या भिंतींमधून फिरताना ओटा कुठे येतो, दार उघडल्यावर कपाटाला लागते का, सासू-सासऱ्यांची झोपायची जागा कुठली, हे बायकांनी तिथल्या तिथे सांगितले. पक्की घरे तशीच सोडल्यामुळे आज त्या गल्ल्यांतून चालताना जुने आणि नवे घर खांद्याला खांदा लावून दिसते. वस्तीला एकसारखा चेहरा मिळाला नाही, अशी टीका झाली. आमच्या मते तेच त्या कामाचे बळ होते. उणीव होती ती वेगळीच. पक्के घर असलेल्यांना काहीच मिळाले नाही, आणि ‘पक्के’ ठरलेल्या कित्येक घरांना उजेड आणि वारा कच्च्यांपेक्षाही कमी होता.

घर आधी की गटार आधी?

गटार. याबाबत आमचे मत ठाम आहे.

घर आधी बांधले की जोत्याची उंची ठरून जाते आणि मग सांडपाण्याच्या पाइपला उतार द्यायला जागा उरत नाही. चार इंची पाइपला साधारण चाळीसास एक आणि सहा इंची पाइपला साठास एक उतार लागतो, असा गवंड्यांचा जुना हिशेब आहे. म्हणजे शंभर फूट लांबीच्या गल्लीत सहा इंची पाइप सुरुवातीपेक्षा शेवटाला वीस इंच खाली उतरला पाहिजे, आणि तिथे मुख्य वाहिनीचा चेंबर त्याहूनही खोल असला पाहिजे. हे लेव्हल ट्यूबने, म्हणजे पाण्याच्या पारदर्शक नळीने, दोन माणसे एका सकाळी मोजू शकतात. न मोजता टाकलेला पाइप पहिल्या पावसात तुंबतो आणि त्याचे खापर मात्र वरच्या घरातील बाईने भाताची पेज ओतली यावर फुटते.

दुसरी गोष्ट काँक्रीटच्या थरांची. दर काही वर्षांनी कोणत्या ना कोणत्या निधीतून गल्लीत नवे काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक येतात आणि ते जुन्या थरावरच टाकले जातात. वीस वर्षांत गल्ली दीड-दोन फूट वर येते, जुन्या घरांचे उंबरे खाली जातात आणि पाणी घरात शिरते. मग ज्याच्याकडे पैसे आहेत तो जोते उचलतो आणि शेजारचा आणखी खाली जातो. म्हणून गल्लीच्या कामाचा फलक लागण्यापूर्वीच ‘जुना थर उकरून काढा, मगच नवा टाका’ अशी लेखी मागणी क्षेत्रीय कार्यालयात द्यावी आणि तिच्यावर पोच घ्यावी.

कराचीतील ओरंगी वस्तीत अख्तर हमीद खान यांनी १९८० साली जे काम सुरू केले, त्याचा गाभा हाच होता. गल्लीतील गटार रहिवाशांनी आपल्या वर्गणीतून आणि देखरेखीखाली टाकायचे, आणि मोठी वाहिनी व शुद्धीकरण सरकारने करायचे. पुण्यात वर्गणी काढून गटार टाकावे, असे आम्ही सुचवत नाही, कारण रहिवासी महापालिकेला सेवाशुल्क देतात आणि हे तिचे कर्तव्य आहे. पण एका गल्लीतील घरांनी मिळून एकक म्हणून उभे राहण्याची पद्धत घेण्यासारखी आहे.

गल्ली किती रुंद ठेवावी?

या प्रश्नावर आमची एकदा फजिती झाली. आराखड्यात सरळ भागात पाच फूट रुंदी धरली होती, सिलेंडरची गाडी येईल, असेही बोलून दाखवले होते. एक म्हातारी कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “साहेब, हितनं मयत कसं वळणार?” तिरडी साधारण सात फूट लांब असते, शिवाय चौघांचे खांदे. काटकोनात वळणाऱ्या पाच फुटी गल्लीत ती वळत नाही. तोच हिशेब स्ट्रेचरला आणि कपाटाला लागू होतो. तेव्हापासून कोपऱ्यावरच्या दोन घरांचे कोन दीड-दोन फूट तिरके कापून घेण्याचा आग्रह आम्ही धरतो आणि त्या घरांना ते क्षेत्र वरच्या मजल्यावर भरून देतो.

आगीचाही विचार इथेच करायचा. २८ नोव्हेंबर २०१८ रोजी पाटील इस्टेटमध्ये लागलेल्या आगीने दाट वस्तीत ज्वाळा किती वेगाने पसरतात, हे सर्व शहराने पाहिले. प्रत्येक गल्लीला दोन्ही बाजूंनी बाहेर पडायला वाट हवी.

घरात शौचालय घेता येईल का?

मलवाहिनी जवळ असेल आणि तिची पातळी जमत असेल, तर अवश्य घ्यावे. १९९९ ते २००१ या काळात, रत्नाकर गायकवाड आयुक्त असताना, पुणे महापालिकेने संस्थांच्या सहभागातून चारशेहून अधिक सामुदायिक शौचालये बांधली आणि त्यांतील बऱ्याच ठिकाणी बांधकाम व देखभाल वस्तीतील महिलांच्या गटांनी पाहिली. तो मोठा टप्पा होता. पण रात्री दोन वाजता लहान मुलीला घेऊन सामुदायिक शौचालयात जाणाऱ्या आईला विचारले, तर ती घरातलेच मागते. पुण्यातील शेल्टर असोसिएट्स ही संस्था वस्त्यांचे नकाशे करून मलवाहिनीच्या आवाक्यातली घरे शोधते आणि तिथे घरोघरी शौचालये बांधण्यास मदत करते. साहित्य संस्थेचे आणि मजुरी कुटुंबाची, अशी ती विभागणी असते.

पावसाळी गटाराला किंवा ओढ्याला मैल्याचा पाइप जोडू नये. आपला प्रश्न सुटतो, तो खालच्या वस्तीच्या दारात जाऊन पडतो.

जमीन कोणाची आहे, याने काय फरक पडतो? फोटोपास असला की घर आपले झाले का?

फोटोपास, म्हणजे झोपडीधारकाला मिळणारे छायाचित्रासह ओळखपत्र, ही मालकी नव्हे. महाराष्ट्र झोपडपट्टी क्षेत्रे (सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास) अधिनियम, १९७१ या कायद्याखाली एखादी वस्ती ‘घोषित’ होते आणि तिथे सुधारणेची कामे करण्याचा अधिकृत मार्ग मोकळा होतो. ठरावीक तारखेपूर्वीपासून राहत असल्याचे सिद्ध करणाऱ्यांना संरक्षण मिळते, म्हणजे पर्यायी व्यवस्था केल्याशिवाय त्यांना हटवता येत नाही. ही तारीख आधी १ जानेवारी १९९५ होती, ती पुढे १ जानेवारी २००० झाली, आणि त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्या रहिवाशांना सशुल्क पुनर्वसनासाठी पात्र धरण्याची तरतूद आली. फोटोपास हा या वास्तव्याचा पुरावा आहे. त्यावर बँक गृहकर्ज देत नाही.

जमीन महापालिकेची किंवा राज्य शासनाची असेल, तर बोलणी एकाच दिशेने होतात. खासगी मालकाची असेल तर वेळ लागतो. रेल्वे, संरक्षण खाते, वन विभाग किंवा पाटबंधारे यांच्या जमिनीवर राज्याच्या योजना सहजपणे लागू होत नाहीत. म्हणून कोणत्याही आराखड्याआधी नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका किंवा तलाठ्याकडून सातबारा काढावा. वस्तीत ‘जागा सरकारीच आहे’ असे छातीठोक सांगणारे पाच जण भेटतात, पण उतारा कोणाकडेच नसतो.

महापालिका सर्वेक्षण करतेच, मग आपण वेगळे का करायचे?

कारण सर्वेक्षण करणारा दुपारी येतो आणि दुपारी घरे बंद असतात. बंद घरापुढे शेरा पडतो आणि परिशिष्ट-२ मध्ये, म्हणजे पात्र रहिवाशांच्या यादीत, नाव शोधायची वेळ येते, तेव्हा तो शेरा पुसणे अवघड जाते. एकाच छताखाली तीन भावांच्या तीन चुली असतात, वरच्या खोलीत वेगळे कुटुंब असते, माळ्यावर भाडेकरू असतो. बाहेरचा माणूस हे एकच घर मोजतो.

आपले सर्वेक्षण करताना प्रत्येक दाराला क्रमांक द्यावा, घराचा तळ टेपने मोजावा, किती चुली आहेत ते लिहावे आणि सर्वांत जुना पुरावा कोणता, याची नोंद घ्यावी: वीजबिल, मतदार यादी, शिधापत्रिका, सेवाशुल्काची पावती. तयार नकाशा मोठ्या कागदावर काढून चौकात आठ दिवस लावावा. चुका लोकच दाखवतात, आणि भांडणेही तेव्हाच होऊन जातात, जी नाहीतर पाया खणताना झाली असती.

पैसे कुठून आणायचे?

स्वतःच्या नावे जागा असलेल्या कुटुंबासाठी प्रधानमंत्री आवास योजनेत वैयक्तिक घरबांधणीचा घटक आहे. केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख असे अनुदान त्यात टप्प्याटप्प्याने खात्यावर येते. अडचण ‘स्वतःच्या नावे जागा’ या तीन शब्दांत आहे. ज्याला अनुदानाची सर्वाधिक गरज आहे, त्याच्याकडेच तो कागद नसतो. म्हणूनच आम्ही घराच्या योजनेपेक्षा पट्ट्याच्या, म्हणजे जमिनीच्या हक्काच्या कागदाच्या, मागणीवर जास्त वेळ घालवतो.

उरते ती बचत. महिला मिलनच्या पद्धतीत गल्लीतील एक बाई रोज दारोदार जाऊन पाच-दहा रुपये गोळा करते आणि वहीत लिहिते. रकमेपेक्षा रोजचे जाणे महत्त्वाचे, कारण कोणाकडे आज चूल पेटली नाही, हे तिला कळते आणि कर्ज कोणाला झेपेल, याचा अंदाज त्यातूनच येतो. घरासाठी खासगी सावकाराकडून दरमहा शेकडा पाच-दहा रुपये व्याजाने पैसे घेऊ नयेत. त्यापेक्षा स्लॅब एक वर्ष पुढे ढकलावा आणि चांगला पत्रा टाकून राहावे. अर्धवट स्लॅबपेक्षा पूर्ण पत्रा बरा.

खर्चाचा क्रमही महत्त्वाचा आहे. पाया, कॉलम आणि ड्रेनेज यांत काटकसर करू नये, कारण ते नंतर बदलता येत नाहीत. फरशी, रंग, स्टीलची रेलिंग आणि दर्शनी टाइल्स पुढच्या वर्षी लावल्या तरी घर पडत नाही. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी उलटे होते, कारण पाहुण्यांना टाइल्स दिसतात, पाया दिसत नाही.

आहे त्या घरावर आणखी एक मजला चढवता येईल का?

हे घर पाहिल्याशिवाय सांगता येत नाही, पण काही गोष्टी स्वतः तपासता येतात. घर चार इंची भिंतींवर उभे असेल आणि कॉलम नसतील, तर वर विटांची खोली चढवू नये. पत्र्याची हलकी खोलीसुद्धा विचार करूनच घ्यावी. कॉलम असतील तर त्यांच्या खाली पाया किती खोल आहे, ते एका कोपऱ्यात खणून पाहावे. टेकडीकडच्या वस्त्यांत दोन-तीन फुटांवर कडक मुरूम किंवा खडक लागतो. नदी व ओढ्याच्या काठी काळी माती असते, ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावर उथळ पाया कधीच ठेवू नये. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप पुण्यातही जाणवला होता, हेही विसरू नये.

नवे घर बांधताना पुढे मजला घ्यायचा विचार असेल, तर पाया आणि कॉलम पहिल्याच दिवशी दोन मजल्यांच्या भाराचे करावेत आणि जिन्याची जागा सोडून ठेवावी. स्लॅबवर सोडलेल्या सळया उघड्या ठेवल्या तर पाच-सहा पावसाळ्यांत गंजून पातळ होतात. त्यांच्यावर सिमेंटचा घट्ट लेप देऊन प्लास्टिक गुंडाळावे किंवा कच्च्या काँक्रीटमध्ये त्या झाकाव्यात. स्लॅबसाठी सिमेंट, वाळू आणि खडी यांचे एकास दीडास तीन प्रमाण पुरेसे असते, पण काम सोपे व्हावे म्हणून मिस्त्री जे जादा पाणी ओततो, ते सगळी ताकद घालवते. स्लॅबवर मातीची आळी करून किमान दहा दिवस पाणी साठवावे. छोट्या स्लॅबखालचे टेकू सात दिवसांच्या आत आणि बीमखालचे चौदा दिवसांच्या आत काढू नयेत, मग सेंट्रिंगवाला भाड्यासाठी कितीही घाई करो.

आणि उजेडाचा विचार करावा. सज्जा आणि गॅलरी गल्लीवर पुढे काढली की समोरच्याचीही पुढे येते आणि खाली दिवसा बल्ब लावावा लागतो. जिथे ऊन आणि वारा पोहोचत नाही, तिथे क्षयरोग घर करतो. वरच्या छतात एक फूट-बाय-एक फूट पारदर्शक पत्रा आणि गरम हवा बाहेर जायला झरोका, इतके केले तरी मोठा फरक पडतो.

बांधकाम चालू असताना राहायचे कुठे?

शक्यतो त्याच वस्तीत. एका वेळी गल्लीतील पाच-सहा घरेच पाडावीत, म्हणजे ती कुटुंबे नातेवाइकांकडे किंवा भाड्याच्या खोलीत सामावतात. मुलांची शाळा आणि बायकांची धुण्याभांड्याची कामे सुटत नाहीत. भाड्याची रक्कम अंदाजपत्रकात आधीच धरावी आणि काम ऑक्टोबरमध्ये सुरू करून मेअखेर छत टाकून घ्यावे.

ओढ्याकाठच्या किंवा उतारावरच्या घरांचे काय?

सर्वच घरे जागच्या जागी राहू शकतात, असे सांगणे ही फसवणूक ठरेल. २७ सप्टेंबर २०१८ रोजी मुठा उजवा कालवा फुटून दांडेकर पूल परिसरातील शेकडो घरांत पाणी शिरले. वर्षभरातच, २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री, आंबिल ओढ्याने काठावरची घरे आणि माणसे वाहून नेली. ओढ्याच्या पात्रात, कोसळू शकणाऱ्या कड्याखाली किंवा उच्चदाब वीजवाहिनीखाली असलेली घरे हलवायलाच हवीत. मात्र ‘धोकादायक’ हा शिक्का सर्व वस्तीवर न मारता नेमक्या घरांवर मारावा, आणि ती कुटुंबे त्याच वस्तीत किंवा तिच्या एक-दोन किलोमीटरच्या आत सामावून घ्यावीत. शहराच्या दुसऱ्या टोकाला दिलेली सदनिका अनेकदा कुलूपबंद राहते किंवा भाड्याने जाते, आणि माणूस कामाच्या जवळ नवी झोपडी शोधतो.

भाडेकरूंना काही मिळते का?

योजनांत सहसा नाही, आणि ही मोठी त्रुटी आहे. वरची खोली भाड्याने देऊन अनेक विधवा स्त्रिया घर चालवतात, त्यामुळे भाडेकरू हा वस्तीच्या अर्थकारणाचा भाग आहे. निदान सर्वेक्षणात त्याची नोंद तरी व्हावी.

घर कोणाच्या नावावर असावे?

पती-पत्नी दोघांच्या, किंवा एकट्या स्त्रीच्या. प्रधानमंत्री आवास योजनेचाही तसा आग्रह आहे.

बाहेरच्या कोणत्या उदाहरणांवरून शिकता येईल?

फार लांब जायला नको. इंदूरमधील अरण्य वसाहतीत वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी १९८०च्या दशकात गरीब कुटुंबांना पूर्ण घर न देता जोते, शौचालय, धुण्याची जागा आणि सेवांची जोडणी दिली आणि पुढचे घर कुटुंबांनी वाढवले. सुमारे साडेसहा हजार घरांच्या या वसाहतीला १९९५ साली आगा खान पुरस्कार मिळाला. चिलीतील इकीके शहरात वास्तुविशारद अलेहान्द्रो अराव्हेना यांच्या चमूने २००४ मध्ये शंभरेक कुटुंबांसाठी निम्मे घर बांधले आणि निम्मी जागा भरण्यासाठी मोकळी ठेवली. स्वयंपाकघर, न्हाणीघर, जिना आणि सामाईक भिंती असे जे कुटुंबाला स्वतः नीट बांधता येत नाही, तेच योजनेने बांधले. थायलंडमध्ये २००३ पासून चाललेल्या बान मानकोंग कार्यक्रमात सरकार पैसे ठेकेदाराला न देता वस्तीच्या सहकारी संस्थेला देते, आणि जमिनीची बोलणीही तीच संस्था करते. सहकाराची आपल्याकडे शंभर वर्षांची परंपरा असताना वस्तीच्या सहकारी गृहनिर्माण संस्था मात्र बहुधा विकसकाच्या सहीपुरत्याच जन्माला येतात, हे खटकते.

गल्लीतील एक-दोन घरे तयार नसतील तर?

आधी कारण शोधावे. बहुतेक वेळा विरोध योजनेला नसतो. भावाभावांचा वाद कोर्टात असतो, घर गहाण असते, मुलीचे लग्न तोंडावर असते किंवा मागच्या एखाद्या योजनेत भरलेले पैसे बुडालेले असतात. अशा कुटुंबावर बैठकीत सर्वांसमोर दबाव आणू नये. त्याच गल्लीतील, त्यांच्या उठण्याबसण्यातील दोन बायकांनी संध्याकाळी घरी जाऊन बोलावे. तरीही होकार आला नाही, तर ते घर तसेच सोडून आराखडा त्याच्याभोवती बसवावा. मात्र त्या घरासमोरच्या चेंबरला एक जोड आणि नळाच्या वाहिनीला एक टी आजच टाकून, वर झाकण लावून ठेवावे, म्हणजे ते कुटुंब तीन वर्षांनी आले तर गल्ली पुन्हा उकरावी लागणार नाही.